चार बोटं उंच

आमची जीप चार बोटं उंच करायची, एवढंच ठरलं होतं. चार बोटं म्हणजे माझी, आडवी धरलेली. बाबांची धरली असती तर साडेतीनच भरली असती, आणि हा मुद्दा मी पहिल्याच दिवशी घरात स्पष्ट करून ठेवला. मापाच्या बाबतीत मी गाफील राहत नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. बाजारातला एकेक काटा मी तपासतो आणि शिक्का मारतो तेव्हा कुठे दुकानदाराला तो वापरता येतो. मी दुकानात पाऊल टाकलं की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. घरात पळत नाही, तो भाग वेगळा.

जीप बाबांची. वयाने माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि मानाने पुष्कळ मोठी. हल्ली ती माझी बायको चालवते. परवाना मलाही आहे, पण मी स्टिअरिंगला बसलो की बाबा डोळे मिटून घेतात आणि मेहुणा मोबाइल काढून चित्रण सुरू करतो. तेव्हा मी आपणहून मागच्या सीटवर गेलो. आपणहून, हे लक्षात घ्या.

उंची वाढवायचं कारण आत्या. बाबांची ही थोरली बहीण पंच्याऐंशीची आहे आणि डोंगरावर एकटी राहते. तिच्या घराकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, शेवटच्या वळणाला, बरोब्बर मधोमध एक दगड आहे. दोन वर्षांपूर्वी आमची जीप त्या दगडावर पोट टेकून बसली ती बसलीच. पाटे थकले होते. पाटे म्हणजे जीपच्या बुडाखाली एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. सगळा डोलारा त्यांच्यावर उभा असतो. ते दबले, जीप दबली, आणि चाकं नुसती जागच्या जागी फिरायला लागली. गुडघ्यांमुळे बाबांना वर चालत जाता येईना, आत्याला खाली येता येईना. दोनशे पावलांवरून दोघांनी एकमेकांना हात केला आणि आम्ही जीप मागे ढकलून परत फिरलो. त्यानंतर भेट नाही. आत्या दर रविवारी फोनवर विचारते, "दगड ओलांडलास का रे?" आणि बाबा म्हणतात, "ओलांडतो अक्का."

ह्या वर्षी एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत बाबा म्हणाले, "ह्या महिन्यात वर जायचं. आता मी थांबणार नाही."

बाबा आयुष्यात कधी काही मागत नाहीत. चष्म्याची काडी तुटली तर चार महिने दोरा बांधून वापरतील. त्यामुळे मी त्याच दिवशी कागद-पेन्सिल घेऊन जीपखाली शिरलो.

माणूस जीपखाली शिरला की त्याचे फक्त पाय दिसतात आणि नुसते पाय दिसले की लोकांना सल्ला द्यायला चेव येतो, हे मला तिथे कळलं. पहिला आला तो तळमजल्यावरचा कर्नल. हा सैन्यात कधीच नव्हता, औषधाच्या कंपनीत हिशेबनीस होता. पण मिश्या आणि आवाज बघून सगळी इमारत त्याला कर्नल म्हणते आणि तोही ते मनापासून मान्य करतो. बरोबर त्याचं कुत्रं होतं. तीन पायऱ्या उतरून आल्याने ते धापा टाकत बसलं.

"किती वाढवणार?" कर्नलने माझ्या पायांना विचारलं.

"चार बोटं."

"हॅ! सहा इंच तरी घ्या. दबदबा वाटला पाहिजे."

"अहो, बाबांना चढता आलं पाहिजे ना!"

"शिडी लावा. त्यात काय!"

तेवढ्यात मेहुणा आला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच राहतो आणि दुसऱ्यांच्या गाड्यांची चित्रणं रोज तीन-तीन तास बघतो. स्वतःची सायकलसुद्धा नाही. "भावोजी, आधी प्रकार ठरवा," तो म्हणाला. "नुसते ठोकळे घालून उंची वाढवायची, की कानाची लांबी वाढवायची, की पाटेच बदलायचे? ठोकळे घातले तर उंची मिळेल, पण पाटे थकलेलेच राहतील. कान वाढवले तर पुढच्या चाकांचा कोन बिघडेल. पाटे बदलले तर शॉकअप बदला, ब्रेकची नळी लांब करा, मधला दांडा तपासा..." जीपलाही कान असतात ही माहिती मला नवी होती, पण मी जीपखालून "हं, हं" करत राहिलो. खात्यातल्या माणसाने अज्ञान दाखवायचं नसतं.

पुढचे आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी बायको म्हणाली, "अहो, मिस्त्रींना विचाराल का एकदा? की सगळ्या इमारतीला विचारून झाल्यावरच?"

मिस्त्री वीस वर्षं आमची जीप दुरुस्त करतोय. दिवसाला मोजून पंधरा वाक्यं बोलत असेल. त्यातली पाच त्याने आमच्यासाठी खर्च केली. "एवढ्या जुन्या गाडीला तयार संच बसत नाही साहेब. पाटे बनवून घ्या. कारखाना आहे. ते फॉर्म देतील. खरं लिहा."

फॉर्म आला. दोन पानी. वाट कशी, वेग किती, ओझं काय, हे सगळं होतंच. पण चौथा रकाना बघून मी खूश झालो. त्यात लिहिलं होतं: नेहमी बसणारी माणसं, कोण कुठे बसतं, प्रत्येकाचं वजन. "ह्याला म्हणतात शास्त्र!" मी मोठ्याने म्हणालो. बाबांची पाठ धरते म्हणून मी 'शक्य तितके मऊ' ह्या चौकटीत खूण केली. मऊ पाट्यांना वजनं अगदी अचूक लागतात, अशी त्याखाली बारीक टीप होती. अचूकता आम्हाला कोण शिकवणार! मी पेन सरसावलं आणि घरच्यांना वजनं विचारली.

इथे मी एक चूक केली. बाजारात मी सख्ख्या मित्राच्या काट्यावर विश्वास ठेवत नाही. पाच किलोचं माप पाच किलो आहे असं त्यावर कोरलेलं असलं तरी मी ते उचलून तपासतो. आणि घरच्या तीन माणसांना मी तोंडी विचारलं आणि त्यांनी सांगितलं ते लिहून घेतलं. वीस वर्षांच्या नोकरीत एवढी बेपर्वाई माझ्या हातून झालेली नाही.

"अठ्ठावन्न," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. उत्तर जरा जास्तच लवकर आलं.

"अठ्ठ्याहत्तर," मेहुणा म्हणाला आणि त्याने पोट आत घेतलं.

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "अडुसष्ट."

मी ऑफिसच्या काट्यावर बूट काढून उभा राहिलो. एकाहत्तर. चौघांची बेरीज दोनशे पंच्याहत्तर. उजव्या बाजूला स्टिअरिंगवर बायको आणि तिच्या मागे मेहुणा. डाव्या बाजूला पुढे बाबा आणि मागे मी. एकशे छत्तीस आणि एकशे एकोणचाळीस. दोन्ही बाजू जवळजवळ समान. असं समतोल कुटुंब शोधून सापडणार नाही, असं मी जेवताना बोलूनही दाखवलं. मेहुण्याने पाणी मागितलं.

पाटे तयार व्हायला लागले आणि मी परवानगीच्या मागे लागलो. गाडीची उंची वाढवायची तर वाहन कार्यालयाची परवानगी हवी. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटासुलटा करून पाहिला.

"उंची वाढवण्याचं कारण?"

"दगड."

"कोणता दगड?"

"आत्याच्या रस्त्यावरचा."

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "मग दगड काढा ना! गाडी कशाला बदलता?"

मी सांगितलं की रस्ते विभागाकडे दोनदा अर्ज केला होता. त्यांचं म्हणणं, रस्ता त्यांचा, दगड वनविभागाचा. वनविभागाचं म्हणणं, दगड त्यांच्या नोंदीतच नाही, सबब तो तिथे नाही. दोन्ही पत्रं मी पुढे ठेवली. कारकुनाने ती मन लावून वाचली आणि म्हणाला, "म्हणजे कागदोपत्री दगड नाही. आणि नसलेल्या दगडासाठी तुम्ही उंची मागताय."

मी निरीक्षक आहे हे मी त्याला सांगितलं. त्याने "असं का" म्हणून माझ्याकडे पाहिलं, ते मला अजून झोंबतंय. शेवटी कारणाच्या रकान्यात 'वृद्धांची सोय' असं लिहायचं ठरलं आणि त्याने एक अट घातली. गाडी माणसांसकट वजनकाट्यावर घालायची आणि पावती जोडायची.

मला आनंदाचं भरतं आलं. गावाबाहेरचा तो ट्रकांचा वजनकाटा मी स्वतः मागच्याच महिन्यात तपासला होता! रविवारी सगळ्यांना जीपमध्ये बसवून मी तिथे घेऊन गेलो. काटेवाल्याने मला पाहताच खुर्चीवरचा टॉवेल झटकला. घरच्यांसमोर कोणीतरी माझ्यासाठी टॉवेल झटकला, ह्याचं मला बरं वाटलं. रिकामी जीप तेराशे चाळीस भरली. मग आम्ही चौघे चढलो. सोळाशे पंधरा. म्हणजे माणसं दोनशे पंच्याहत्तर. तंतोतंत!

मी जीपमध्येच छोटंसं भाषण केलं. म्हटलं, लोक दुकानात खोटं बोलतात, कचेरीत खोटं बोलतात, पण हे एक घर असं आहे की जिथे सांगितलेलं वजन आणि भरलेलं वजन ह्यात पाच किलोचाही फरक नाही. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, पण मी थांबलो नाही. बायकोचा चेहरा विचित्र झाला होता. तिने एकदा आरशातून भावाकडे पाहिलं, भाऊ खिडकीबाहेर बघत होता. बाबा मात्र चक्क हसले. पुष्कळ दिवसांनी हसले, म्हणून मला भाषण जमल्यासारखं वाटलं.

परवानगी मिळाली, पाटे आले, मिस्त्रीने दोन दिवसांत बसवले. रिकामी जीप बघून मला भरून आलं. बरोब्बर चार बोटं उंच, चारही कोपऱ्यांना सारखी. कर्नल कुत्र्याला ओढत बघायला आला आणि "सहा इंच पाहिजे होती" म्हणून गेला. मग आम्ही चौघे चाचणीसाठी चढलो, आणि जीप उजवीकडे कलली.

थोडीथोडकी नाही. डॅशबोर्डवरची पेन्सिल घरंगळत गेली आणि बायकोच्या मांडीवर पडली. आम्ही उतरलो, जीप सरळ झाली. चढलो, कलली. मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं, टेप लावला, नट आवळले, पुन्हा टेप लावला. "पाटे बरोबर आहेत," तो म्हणाला आणि त्याने टेप गुंडाळला.

मला हे मान्य होण्यासारखं नव्हतं. मी घरी येऊन कारखान्याला पत्र लिहिलं. सहीखाली हुद्दा लिहिला, हुद्द्याखाली खात्याचं नाव लिहिलं, आणि 'आपल्या कारखान्यातील काट्यांची तपासणी करण्याचा अधिकार मला आहे' हे सौम्य शब्दांत सुचवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोन ओळी: 'पाटे आपण कळवलेल्या वजनांप्रमाणे बनवले आहेत. पाट्यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या, ठीक आहेत. आता माणसं तपासावीत.'

माणसं तपासावीत! माझ्या घरातली माणसं! माझी कानशिलं तापली. मी सगळ्यांना तस्सं घेऊन मिस्त्रीकडे गेलो. त्याच्या गॅरेजात भंगार तोलायचा एक जुना फळीचा काटा आहे. मी आधी त्याच्यावरचा शिक्का बघितला. माझाच होता, मुदतीतला. "चढा एकेक," मी म्हणालो. "त्या कारखान्याला पावती पाठवतो चौघांची."

"मी नाही चढणार," बायको म्हणाली.

"अगं, आपल्या घराच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"म्हणूनच नाही चढणार."

"मिस्त्रींसमोर कसली लाज?"

"मिस्त्रींची नाही, तुमची. तुम्ही आता तो चेहरा करणार." पण चढली. सहासष्ट. मी तो चेहरा केला असावा, कारण ती म्हणाली, "बघा! लग्नात अठ्ठावन्न होते, तेच सांगते मी. तुमचे तेव्हाचे केस आता आहेत का? मी कधी काही बोलले?"

मेहुणा चौऱ्याऐंशी भरला. तो म्हणाला, बूट जड आहेत. बूट काढायला लावले. चौऱ्याऐंशीच.

माझी मान खाली गेली. आणि खाली गेलेल्या मानेने मी बेरीज करत होतो. आठ आणि सहा, चौदा किलो जास्त. मग वजनकाट्यावर बेरीज जुळली कशी? एक तर तो काटा खोटा, म्हणजे माझा शिक्का खोटा, नाहीतर...

"बाबा," मी म्हणालो.

बाबा हत्यारांच्या टेबलापाशी उभे होते. "माझं कशाला? मी सांगितलंय ना अडुसष्ट. गुडघे दुखतायत, चढवत नाही." काटा जमिनीपासून दोन बोटं उंच होता. मी हात धरला. ते चढले आणि छातीवर हात बांधून समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

छप्पन्न.

मिस्त्री जवळ आला. त्याने टेबलाकडे पाहिलं, मग बाबांकडे. "बाबा," तो हळूच म्हणाला, "खिशातले पाने काढा."

बाबांनी कोटाच्या दोन्ही खिशांतून चार जाड लोखंडी पाने काढून त्याच्या हातात दिले. काटा चोपन्नवर येऊन थांबला. चौदा किलो. मी बाबांच्या कोटाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. कोट खांद्यांवर नुसता टांगलेला होता. मला भीती वाटली.

"का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस," बाबा म्हणाले. "मला अक्काकडे जायचंय."

अर्थात मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. आठवडाभर रक्त तपासलं, छाती तपासली, पोट तपासलं. ते सात दिवस मी ऑफिसात कोणाच्या काट्याला नीट बघितलं नाही. वाट्टेल तसे काटे असलेले दोन दुकानदार माझ्या हातून सुटले असतील. डॉक्टरांनी शेवटी सगळे कागद एकत्र करून सांगितलं, "ह्यांना काहीही झालेलं नाही. हे जेवत नाहीत, एवढंच. भूक लागते ना, बाबा?"

"लागते."

"मग?"

बाबांनी कोटाची बटणं लावायला घेतली.

जेवत नाहीत म्हणजे काय? त्यांचं ताट रोज त्यांच्या खोलीत जातं आणि स्वच्छ होऊन परत येतं. हे कोडं बायकोने घरी पोचायच्या आत सोडवलं. गाडी फाटकातून आत घेताना तिने एकदम ब्रेक मारला. "अहो, कर्नलचं कुत्रं बघा." कुत्रं बाबांच्या खिडकीखाली बसलं होतं. एके काळी ते कुत्रं होतं. आता ते एखाद्या भरलेल्या पोत्यासारखं दिसत होतं. आम्हाला बघून त्याने फक्त शेपूट हलवली, बाकीचं काही हलण्यासारखं नव्हतं. का देता, असं विचारलं तर बाबा म्हणाले, "मुकं जनावर आहे."

आता त्यांना घरी बसवून ठेवण्यात अर्थ नव्हता. रविवारी आम्ही निघालो. जीप थोडी उजवीकडे कललेलीच होती, आणि आम्हीही सगळे डावीकडे रेलून बसलो होतो. शेवटचं वळण आलं. मेहुण्याने मोबाइल काढला, मी डोळे मिटले. काहीच आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा दगड मागे गेला होता. "झालं?" मी विचारलं. "कधीच," बायको म्हणाली. एवढ्या खटाटोपानंतर निदान थोडं घासायला तरी हवं होतं, असं मला वाटून गेलं.

आत्या दारातच उभी होती. बाबा एक पाय खाली टाकून दुसरा शोधत होते, तोवर ती ओरडली, "अरे, हे काय! किती वाळलास!"

पंधरा पावलांवरून. चष्म्याशिवाय.

"वय झालं अक्का," बाबा म्हणाले.

"माझं नाही झालं ते? इकडे ये. तोंड उघड."

"अक्का, पोरांसमोर..."

"उघड म्हणते ना!"

बाबांनी तोंड उघडलं. आत्याने दोन बोटं घालून कवळी बाहेर काढली आणि उजेडाकडे नेऊन त्यांच्या हिरड्या बघितल्या. "लालभडक झाल्यात. इथे सोललंय. ह्या कवळीने घास चावता येतो तरी का तुला? कोणी करून दिली ही?"

कवळी मी करून दिली होती, दीड वर्षापूर्वी. माझ्या ओळखीच्या दंतवैद्याकडे मी त्यांना नेलं होतं, आणि मापं घेताना मी शेजारी उभा राहून सूचना दिल्या होत्या. पहिल्या दिवशी बाबा "जरा टोचतंय" म्हणाले, तेव्हा मी म्हणालो होतो, "माप माझ्यासमोर घेतलंय बाबा. चुकणं शक्य नाही." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नव्हता.

"मी करून दिली आत्या," मी म्हणालो.

"त्याने हौसेने करून दिली गं," बाबा दातांशिवाय, बोबडं बोबडं म्हणाले. "चांगली आहे. मलाच बसत नाही."

मला तिथे उभं राहवेना. मी बाबांचा हात धरला आणि नुसता धरून ठेवला. आत्याने कवळी पदराला पुसून माझ्या हातात दिली, भात मऊसर कालवून आणला आणि भावाला पायरीवर बसवून समोर ताट ठेवलं. बाबांनी तो संपवला. मग पुन्हा मागितला. बाबांनी मागितलं! बायको तोंड फिरवून डोळे पुसत होती आणि मेहुण्याने, आयुष्यात पहिल्यांदाच, मोबाइल खिशात ठेवला होता.

तिसऱ्यांदा वाढता वाढता आत्याने माझ्याकडे वळून पाहिलं.

"तू काय काम करतोस रे हल्ली?"

"वजनमापे तपासतो, आत्या."

"सरकारचं काम?"

"हो."

"आणि ठेवलंय त्यांनी तुला अजून?" आत्या म्हणाली आणि तिने बाबांच्या ताटात आणखी एक डाव भात घातला.